स्पोर्ट्‌स कारची नियमित सर्व्हिसिंग: मराठवाड्यातल्या गाडीमालकांचे नेहमीचे प्रश्न

पेट्रोल, टर्बो पेट्रोल, डिझेल, हायब्रिड, इलेक्ट्रिक अशा सगळ्याच वेगवान गाड्यांबद्दल जे वारंवार विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत आकडा वेगळा असेल तर पुस्तिकेचा धरा. फक्त मुदतीच्या बाबतीत पुस्तिकेपेक्षा कडक राहा. मे महिन्यातले ४२-४३ अंश, काळ्या मातीचा फुफाटा, बोअरचं क्षाराचं पाणी आणि शेडमध्ये महिना-महिना झाकून ठेवलेली गाडी, यातलं काहीच किलोमीटरच्या काट्यावर दिसत नाही.

गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार किलोमीटर चालते. तरी दरवर्षी ऑइल बदलायचं?

हो. थंड इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं की थोडं न जळालेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते. ती उडून जायला ऑइल नव्वद-शंभर अंशांवर वीसेक मिनिटं तरी राहावं लागतं. दसऱ्याला बाहेर काढली, हार घातला, चौकापर्यंत नेऊन परत लावली, अशा गाडीचं ऑइल रोज संभाजीनगर-जालना करणाऱ्या गाडीपेक्षा लवकर बाद होतं. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत पिवळसर साय धरलेली दिसली, तर बहुधा हेच चाललंय. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळीही उतरत असेल तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर हेडखालचं पॅकिंग, तपासून घ्या.

बऱ्याच पुस्तिकांत एक वर्ष किंवा १५,००० किमी लिहिलेलं असतं. आपल्याकडे टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीला एक वर्ष किंवा ७,५०० ते १०,००० किमी धरा, यातलं जे आधी येईल ते.

कोणतं ऑइल आणि किती?

डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० या जाड-पातळपणाच्या आकड्याच्या आधी गाडीच्या कंपनीची मान्यता बघा. फोक्सवॅगन-स्कोडा-ऑडीची ५०२.०० किंवा ५०४.००, बीएमडब्ल्यूची 'लाँगलाइफ', पोर्शची 'सी' किंवा 'ए' मालिकेतली, असा तो क्रमांक डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेला असतो. नुसतं 'फुल्ली सिंथेटिक' लिहिलेलं पुरेसं नाही.

अंदाजासाठी: ऑक्टाव्हिया आरएसमधल्या २.० टीएसआयला सुमारे ५.७ लिटर, बीएमडब्ल्यूच्या तीन लिटर सहा सिलिंडर बी५८ इंजिनला सुमारे ६.५ लिटर, २०१६ साली भारतात आलेल्या मस्टँग जीटीच्या पाच लिटर व्ही८ला सुमारे ७.६ लिटर. दुकानात 'कारला साडेतीन-चार लिटर पुरतं' असं ठोकून सांगतात. तेवढ्यावर यातलं एकही इंजिन चालवू नका.

इथे ऊन जास्त, मग २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल बरं नाही का?

नाही. बाहेर ४३ अंश असो की २०, थर्मोस्टॅट इंजिनला नव्वद ते एकशेपाच अंशांच्या आसपासच ठेवतो. नव्या इंजिनांतले ऑइल पंप, व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा आणि टर्बोची बेअरिंगं पातळ ऑइलच्या हिशेबाने बनवलेली असतात. जाड ऑइल सकाळी स्टार्ट मारल्यावर उशिरा वर चढतं आणि चेनचा खडखडाट ऐकू येतो. पुस्तिकेत ०डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४० अशा दोन्हींना परवानगी असेल तर उन्हाळ्यात दुसरं घ्यायला हरकत नाही. त्यापलीकडे जाऊ नका.

ऑइल बदलताना मिस्त्रीकडून नेमकं काय चुकतं?

तीन गोष्टी, आणि तिन्ही स्वस्त भागांच्या. पहिली म्हणजे चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) नटाचं वायसर. तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वायसर एकदा दबलं की दुसऱ्यांदा नीट बसत नाही. दहा-वीस रुपये वाचवायला जुनंच लावलं की पाझर सुरू. मग पाझर थांबवायला नट आणखी आवळतात. बऱ्याच गाड्यांत चेंबर ॲल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिकचा असतो, नटाला आवळायचा जोर (टॉर्क) साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटरच लागतो, आणि लांब पाना घेऊन ताकद लावली की आटे जातात. काही गाड्यांत नटच एकदा वापरून टाकायचा असतो. तो फिल्टरसोबत आधीच मागवून ठेवा.

दुसरी, फिल्टरच्या झाकणाचा ओ-रिंग. जुना खाचेत चिकटून राहतो आणि त्यावरच नवा बसवला जातो. इंजिन सुरू केल्यावर प्रेशर आलं की दोन रिंगांमधून ऑइलची पिचकारी उडते. जुना रिंग काढून हातात दाखवल्याशिवाय झाकण बंद करू देऊ नका.

तिसरी, खालचं प्लॅस्टिकचं कव्हर. त्याचे स्क्रू अर्धेच लावतात. शंभरच्या पुढे वारा आत शिरला की कव्हर फाटून चाकाखाली येतं.

ऑइल काढण्याआधी इंजिन दहा मिनिटं चालवून कोमट करा. भरताना अर्धा लिटर हातात राखून भरा, इंजिन मिनिटभर चालवून बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मग मोजून उरलेलं टाका. ड्राय सम्प (ऑइल इंजिनखाली न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवायची रचना) असलेल्या बहुतेक गाड्यांत मात्र ऑइल पूर्ण तापल्यावरच मोजायचं असतं, थंड इंजिनचा आकडा तिथे खोटा.

उसाच्या ट्रॉलीमागे बराच वेळ जावं लागतं. त्याचा इंजिनवर काही परिणाम?

होतो, आणि टर्बो पेट्रोलला जास्त. हंगामात बीड, धाराशिव, लातूरच्या रस्त्यांवर दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असतो. तुम्ही वरच्या गिअरमध्ये बाराशे-चौदाशे आरपीएमवर रांगता आणि जागा दिसली की त्याच गिअरमध्ये पेडल तळाला टेकवता. टर्बो पूर्ण दाब देतो, पिस्टन हळू चाललेला असतो, आणि सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइल-पेट्रोलचा थेंब ठिणगीच्या आधीच पेट घेतो. हे नेहमीच्या नॉकिंगपेक्षा (इंजिनात पेट्रोल अवेळी भडकून होणाऱ्या ठकठकीपेक्षा) वाईट. एकाच ठोक्यात पिस्टनची कड तुटू शकते.

उपाय दोन. ओव्हरटेक करताना आधी गिअर उतरवा, आरपीएम अडीच हजारांच्या वर येऊ द्या, मग पेडल. ऑटोमॅटिक असेल तर डाव्या पॅडलने किंवा स्पोर्ट मोडमध्ये. आणि ऑइल एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) 'एसपी' दर्जाचं घ्या. २०२० साली आलेल्या या दर्जात अशा अवेळी पेट घेण्याविरुद्धची चाचणी आहे.

टर्बो गाडी थांबवल्यावर इंजिन चालू ठेवायचं का?

शहरात गरज नाही. समृद्धीवर तासभर १२०ने आल्यावर मात्र शेवटचे दोन-तीन किलोमीटर पाय हलका ठेवा आणि थांबल्यावर मिनिटभर चालू राहू द्या. बंद केल्यावरही पंखा फिरत राहिला तर बिघाड समजू नका, तो टर्बोचं पाणी थंड करतोय.

ई-२० पेट्रोल चालेल का? ९५ ऑक्टेन, १०० ऑक्टेन खरंच लागतं का?

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. टाकीच्या झाकणामागचा स्टिकर वाचा. ई-२० लिहिलं असेल तर प्रश्न मिटला. नुसतं ई-१० असेल तर गाडी बंद पडणार नाही, पण रबरी पाइप, ओ-रिंग आणि पॅकिंग यांच्यावर नजर ठेवा. पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५च्या खुलाशात म्हटलं होतं की काही जुन्या गाड्यांत २०,००० ते ३०,००० किमीनंतर असे भाग बदलावे लागू शकतात. आपला सल्ला: दर सर्व्हिसिंगला बोनेट उघडून आधी वास घ्या, मग फ्युएल रेलजवळचे जोड बोटाने चाचपा. ओल किंवा चिकट डाग दिसला तर तिथेच थांबा.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. म्हणून पावसाळ्यात उभी राहणारी गाडी टाकी भरून ठेवा. रिकामी जागा जेवढी जास्त, तेवढी दमट हवा आत. तीन महिन्यांपेक्षा जुनं पेट्रोल असेल तर त्यावर नवीन भरूनच गाडी ताणा.

ऑक्टेनचं (पेट्रोल अवेळी न पेटण्याच्या दर्जाचं) म्हणाल तर झाकणावर किमान ९५ लिहिलं असेल तर ई-२० मुळात त्याच दर्जाचं ठरवलेलं आहे. ९८ मागणाऱ्या गाडीला वरच्या दर्जाचं पेट्रोल द्या. ते तालुक्याच्या पंपावर सहसा मिळत नाही, तेव्हा लांबच्या प्रवासाला निघताना मोठ्या शहरातच टाकी भरा. कमी ऑक्टेन भरावंच लागलं तर गाडी चालते, कॉम्प्युटर इग्निशन मागे घेतो. त्या टाकीभर पूर्ण पिकअपची हाव धरू नका. उलट, ९१ चालणाऱ्या साध्या इंजिनात १०० भरून ताकद वाढत नाही.

स्पार्क प्लग कधी?

टर्बोला ४०,००० ते ६०,००० किमी, इंजिन ट्यून केलं असेल तर त्याच्या निम्म्यावर. थंड इंजिनातच काढा. गॅप टर्बोत साधारण ०.६ ते ०.८ मिमी, जास्त झाला की वरच्या आरपीएमला मिसिंग येतं आणि दोष उगाच कॉइलवर जातो. १२ मिमीच्या प्लगला २० ते २५ न्यूटन-मीटर पुरे. टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) हातात नसेल तर त्या दिवशी ते काम करू नका.

डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात कार्बन साचतो म्हणतात, तो पेट्रोलमध्ये टाकायच्या औषधाने निघतो का?

इंजेक्टरचा निघतो, इनटेक व्हॉल्व्हचा नाही. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला ते पोचतच नाही. मग औषध तरी कसं पोचणार? ६०,००० ते ८०,००० किमीच्या आसपास आयडलिंगला गाडी थरथरायला लागली, प्लग आणि कॉइल ठीक निघाले, तर इनटेक मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीने व्हॉल्व्ह साफ करून घ्यायचे. काम करताना त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद असले पाहिजेत, नाहीतर भुकटी आत जाते. पोर्ट (व्हॉल्व्हच्या आधी पेट्रोल सोडणारं) आणि डायरेक्ट अशी दोन्ही इंजेक्शनं असलेल्या गाडीला हा त्रास फारसा होत नाही.

एअर फिल्टर आणि रेडिएटर: इथे वेगळं काय?

इथे सगळंच वेगळं. काळ्या मातीची धूळ मैद्यासारखी बारीक. फिल्टर दर ५,००० किमीला उघडून बघा. हवेने मारून पुन्हा बसवायची सवय सोडा, कागदाला बारीक भोकं पडतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. फिल्टरकडून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपात आतून बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर गळतोय किंवा डब्याची क्लिप नीट बसलेली नाही. धुऊन वापरायच्या कापडी फिल्टरला ऑइल जास्त लावलं की ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर जाऊन बसतं.

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगला जायला लागल्या की रस्त्याच्या कडेला पांढरं तुरळक उडत असतं. स्पोर्ट्‌स कारच्या पुढच्या जाळीत एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) आणि रेडिएटर एकामागे एक बसवलेले असतात. कापसाचे तंतू पहिल्यातून निसटून दोघांच्या मधल्या फटीत अडकतात, त्यावर धूळ बसते, आणि नमद्यासारखा थर तयार होतो. समोरून टॉर्च मारला तर सगळं स्वच्छ दिसतं. खूण अशी: गावात एसी कमी, हायवेला बरा, उन्हात दोन-तीन वेळा जोरात पळवल्यावर पिकअप पडतो. फेब्रुवारीत, ऊन तापायच्या आत, पुढचा बंपर उतरवून मऊ ब्रश आणि कमी दाबाच्या पाण्याने इंजिनच्या बाजूकडून बाहेर धुऊन घ्या. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप वापरला की पंख आडवे होतात आणि जी हवा जात होती तीही बंद.

कूलंटमध्ये बोअरचं पाणी टाकलं तर?

एकदा अडचणीत लिटरभर टाकलं म्हणून इंजिन जात नाही, पण घरी पोचल्यावर सगळं काढून नवीन भरा. बोअरच्या पाण्यातले क्षार सर्वांत गरम जागी, म्हणजे टर्बोभोवती आणि हेडमध्ये, थर धरतात. घरच्या माठाखाली पांढरं चढतं तेच. कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. हिरवं-गुलाबी रंगावरून ठरवू नका, रंगाला नियम नाही.

भरताना हवा अडकणं हा मोठा घोळ. विजेवर चालणारा वॉटर पंप असलेल्या अनेक बीएमडब्ल्यूंत रीत अशी: बॅटरीला चार्जर लावा, इंजिन सुरू न करता इग्निशन ऑन, हीटर सर्वांत गरम, पंखा सर्वांत कमी, ॲक्सिलरेटर दहा सेकंद पूर्ण दाबा. पंप सुमारे बारा मिनिटं आपोआप फिरतो आणि हवा निघते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल 'आयुष्यभराचं' असतं ना?

गिअरबॉक्सच्या आयुष्यभराचं, तुमच्या नाही. आठ गिअरचा ८एचपी बनवणारी झेडएफ स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते. सहा गिअरच्या ओल्या (क्लच ऑइलमध्ये बुडालेले) डीएसजीला, म्हणजे फोक्सवॅगन गटाच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिकला, दर ६०,००० किमीला ऑइल आणि फिल्टर.

डीएसजीची पातळी ऑइल ३५ ते ४५ अंशांवर असताना, इंजिन चालू ठेवून, जादा ऑइल ओघळून थेंबावर आलं की बंद, अशी मोजतात. आता मे महिन्यात दुपारी दोनला उन्हातून आलेली गाडी रॅम्पवर घेतली तर गिअरबॉक्स त्या आकड्याच्या कितीतरी वर असतो. गरम ऑइल फुगलेलं असतं, जास्त वाहून जातं, आणि नट लावल्यावर आत कमी उरतं. आठवड्याने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला झटके सुरू. हे काम रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी सातला करायचं, स्कॅनरवर तापमान बघत.

ब्रेक फ्लुइड?

दर दोन वर्षांनी, किलोमीटर कितीही असोत. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर तीच हमी १५५वर येते. पूर्ण बदलायला सुमारे एक लिटर. उघडलेली अर्धी बाटली कपाटात ठेवून पुढच्या वर्षी वापरू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते डॉट ४ किंवा ५.१मध्ये कधीच मिसळायचं नाही.

डिझेल स्पोर्ट्‌स सेडान आहे. काय वेगळं सांभाळायचं?

धुरातली काजळी अडवणारा सायलेन्सरच्या वाटेवरचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ. त्यात साठलेली काजळी जाळायला गाडी साठच्या पुढे, दोन हजार आरपीएमच्या आसपास, पंधरा-वीस मिनिटं सलग चालावी लागते. मधेच बंद केली की जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, ऑइल लगेच बदला. ऑइल कमी राखेचं, एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) सी३ दर्जाचं किंवा कंपनी सांगेल ते. डिझेल फिल्टर २०,००० ते ३०,००० किमीला. पाणी काढायचा स्क्रू असेल तर पावसाळ्यानंतर एकदा उघडा.

ॲडब्लू (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं पाणी) लागणारी गाडी असेल तर एक गोष्ट ठणकावून: शेतातल्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतायचा नाही. ॲडब्लूत ३२.५ टक्के युरिया असतो हे खरं, पण तो शुद्ध. खताच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. त्याने पंप, नोझल आणि कॅटॅलिस्ट तिन्ही जातात. ॲडब्लूचा कॅनही पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. २५ अंशांखाली तो दीड वर्ष टिकतो, ३५ अंशांत सहाच महिने.

सीएनजी किट बसवावं का?

नको. टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन आणि मागचं वजन, तिन्ही आड येतात. वॉरंटी जाते ती वेगळीच.

हायब्रिड?

इंजिन कमी चालतं म्हणून ऑइल किलोमीटरवर सोडून देतात. तेच पहिल्या प्रश्नातलं दुखणं. शिवाय बॅटरी थंड करणाऱ्या पंख्याची जाळी मागच्या सीटजवळ असेल तर ती दर सहा महिन्यांनी व्हॅक्युमने साफ करा. त्यावर पिशव्या रचू नका.

इलेक्ट्रिक स्पोर्ट्‌स कारला सर्व्हिसिंगच नसते, खरं का?

इंजिन ऑइल आणि स्पार्क प्लग नसतात, बाकीचं असतंच. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी. केबिन फिल्टर. बॅटरीच्या कूलंटची पातळी. काही गाड्यांत ते वीज न वाहणारं खास कूलंट असतं, त्यात साधं मिसळायचं नाही. मोटरच ब्रेक लावत असल्याने डिस्कला गंज चढतो. आठवड्यातून एकदा रिकाम्या रस्त्यावर चार-पाच वेळा पेडलने कचकचून ब्रेक मारा. नारिंगी केबल दिसली की हात मागे, ते काम प्रशिक्षित माणसाचंच.

उन्हाळ्यात लांबून आल्याआल्या फास्ट चार्जरला लावली तर गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते. तो चार्जरचा दोष नव्हे. सावलीत पंधरा-वीस मिनिटं उभी करून मग लावा, आणि रोजच्या वापराला ८० टक्के पुरे.

समृद्धीवर टायर फुटायची भीती वाटते. नायट्रोजन भरला की झालं?

नायट्रोजनपेक्षा दाब मोजणं महत्त्वाचं. टायर फुटतो तो बहुतेकदा हवा कमी असल्याने: बाजूची भिंत सारखी वाकते आणि आतून तापते. पहाटे, गाडी न चालवता, दरवाजाजवळच्या स्टिकरप्रमाणे भरा. साधारण सहा अंश तापमान वाढलं की एक पीएसआय वाढतो, म्हणून दुपारी गरम टायरमधून हवा काढू नका. टायरवरचा चार आकडी तारखेचा शिक्का बघा: २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांनंतर टायर बदला. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा पाचव्या वर्षीच. आतली बाजू हात घालून चाचपा. कॅम्बर (चाकाचा आतल्या बाजूचा कल) जास्त असल्याने तिकडून तार निघते आणि बाहेरून टायर नवा दिसतो.

गाडी महिनाभर उभी असते, बॅटरी बसते.

मेंटेनर चार्जर (बॅटरी भरलेली राखणारा छोटा चार्जर) लावा, एजीएम प्रकारच्या बॅटरीची सेटिंग असलेला. वीज ये-जा करत असेल तर वीज आल्यावर आपोआप पुन्हा सुरू होणाराच घ्या. बरेचसे स्वस्त चार्जर बटण दाबल्याशिवाय उठत नाहीत. नवीन बॅटरी टाकल्यावर अनेक जर्मन गाड्यांत ती स्कॅनरने नोंदवावी लागते, नाहीतर गाडी तिला जुनी समजून जास्त चार्ज करते. शेतातल्या शेडमध्ये असेल तर एअर फिल्टरचा डबाही उघडा. शेंगांची टरफलं सापडली तर उंदीर आत राहून गेलाय, वायरिंग तपासल्याशिवाय स्टार्ट मारू नका.

कोणतं काम गावात, कोणतं कंपनीच्या वर्कशॉपमध्ये?

ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, प्लग, बॅटरी ही कामं टॉर्क पाना आणि चांगला स्कॅनर असलेल्या मिस्त्रीकडे बिनधास्त. बिलावर तारीख, किलोमीटर, ऑइलची मान्यता आणि पार्ट नंबर लिहून घ्या. गिअरबॉक्स, हाय व्होल्टेज, एअर सस्पेन्शन आणि वॉरंटीतलं काहीही असेल तर संभाजीनगर किंवा पुणे. नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबादही सोयीचं.

लो-फ्लोअर गाडी साध्या रॅम्पवर घेता येते का?

पुढे दोन फळ्या टाकून चढवता येते. दोन खांबांच्या लिफ्टचे हात जॅक पॉइंटवरच बसले पाहिजेत, मधे रबराचा ठोकळा ठेवून. पॉइंट चुकला तर सिल (दरवाजाखालची पत्र्याची कड) वाकते, आणि इलेक्ट्रिकमध्ये तिथेच बॅटरीचा डबा असतो. गाडी चार बोटं उचलली की थांबवा, चारही हात वाकून बघा, मगच वर जाऊ द्या.